उल्हासच्या काठी न बांधलेली माशी

ट्राउट माशासाठी बांधलेली कृत्रिम माशी पाण्यावर तरंगणारी असेल, तर तिला ड्राय फ्लाय म्हणतात. तिचा सगळा संसार नखाएवढ्या गळावर उभा असतो. बांधणारा गळ आधी पकडीत घट्ट बसवतो, मेण चोळलेल्या रेशमी धाग्याचे वेढे त्याच्या दांडीवर देतो आणि कोंबड्याच्या पिसाचे तीन-चार ताठ केस शेपटी म्हणून मागे बांधतो. मग मोरपिसाचा एक तंतू घेऊन त्यावरची लव नखाने खरवडून काढतो. उरते ती फिक्या-गडद पट्ट्यांची बारीक काडी. ती दांडीभोवती गुंडाळली की कीटकाच्या पोटावरची वलये जशीच्या तशी दिसू लागतात. शेवटी कोंबड्याच्या मानेचे पीस दांडीला काटकोनात फिरवायचे, म्हणजे त्याचे केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तोलून राहते. केस मऊ निघाले तर ती बुडते आणि सगळी मेहनत वाया जाते. या कलेच्या साहित्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. मोर तर आपलाच. पण सॅमन माशासाठी बांधतात त्या भपकेबाज माश्यांच्या गालावर जो मीनाकारीसारखा चमकदार ठिपका असतो, तो सह्याद्री आणि दक्षिणेतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसाचा. या पिसांना विलायतेत एवढी मागणी होती की रानकोंबड्याची शिकार मांसाइतकीच मानेसाठीही होत असे. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली, तरी रानकोंबड्याच्या पिसांची विलायती हाव त्यानंतरही टिकली. पिसे गेली. ती बांधण्याची विद्या मात्र आपल्या नद्यांवर रुजली नाही. उल्हासच्या खोऱ्यात, म्हणजे बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यात, ती का रुजली नाही हा प्रश्न वरवर फुरसतीचा वाटेल. माझे म्हणणे असे की या प्रश्नाच्या उत्तरात उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या दुर्दशेचे एक महत्त्वाचे कारण दडलेले आहे.

ड्राय फ्लायचा इतिहास हा हस्तकौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खरे तर निरीक्षणाचा इतिहास आहे. गळाला पिसे बांधून मासे धरण्याची रीत फार जुनी. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात, असे इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या लेखकाने नोंदवले आहे. पण नेमका कोणता कीटक, कोणत्या महिन्यात, कोणत्या अवस्थेत पाण्यावर येतो याचा पद्धतशीर शोध एकोणिसाव्या शतकातला. आल्फ्रेड रोनाल्ड्स या गृहस्थाने स्टॅफर्डशायरमधल्या ब्लाइथ नदीच्या काठावर अष्टकोनी खोपटे उभारले, त्यात बसून ट्राउट काय खातो आणि काय थुंकतो ते पाहिले आणि १८३६ मध्ये मासेमाराला लागणाऱ्या कीटकविद्येचे पुस्तक रंगीत चित्रांसह छापले. पन्नास वर्षांनी, १८८६ मध्ये, फ्रेडरिक हाल्फर्डने तरंगत्या माश्या बांधण्यावरचा ग्रंथ लिहिला. त्याच्यामागे जॉर्ज सेल्विन मॅरियट या मित्राची बारीक नजर होती. हॅम्पशायरच्या टेस्ट नदीवर हे दोघे मेफ्लाय नावाचे कीटक धरून, त्यांच्या पंखांचा आणि पोटाचा रंग पाहून, तो रंग पिसांत उतरवत असत. मेफ्लायचे आयुष्य समजून घेतल्याशिवाय हे काम होत नाही. तिची पिल्ले महिनोन्महिने पाण्यातल्या दगडांखाली वाढतात, मग वर येऊन पंख फोडतात. पहिले पंख मळकट असतात. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, ती पुन्हा कात टाकते आणि काचेसारख्या पंखांची होते. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक नाही. या दोन अवस्थांसाठी दोन वेगळ्या माश्या बांधाव्या लागतात, कारण मासा त्यांतला फरक ओळखतो. हाल्फर्डचा नातलग आणि शिष्य मार्टिन मोझली पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये कॅडिस माश्यांचा जाणकार म्हणून नावाजला गेला. टेस्टवरच्या ह्यूटन क्लबचा नदीरक्षक विल्यम लन याने मेफ्लायना अंडी घालायला आसरा मिळावा म्हणून पाण्यात फळ्या बांधून सोडल्या. मासे धरण्याच्या छंदातून निघालेली ही माणसे शेवटी किड्यांचीच राखण करू लागली होती.

ही विद्या दुसऱ्या भूमीत रुजते तेव्हा काय होते, याचे चांगले उदाहरण अमेरिकेत सापडते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांत राहणाऱ्या थिओडोर गॉर्डनने हाल्फर्डला पत्र लिहिले, आणि १८९० मध्ये हाल्फर्डने त्याला आपल्या माश्यांचे नमुने पाठवले. गॉर्डनला कळून चुकले की त्या माश्या त्याच्या नदीच्या नव्हेत. टेस्ट संथ, चुनखडीच्या झऱ्यांवर वाढलेली. कॅटस्किलचे ओढे खळाळते, आणि तिथले किडेही निराळे. म्हणून त्याने आपल्या ओढ्यांतले कीटक पाहून नव्या माश्या बांधल्या. मोरपिसाच्या सोललेल्या काडीची ‘क्विल गॉर्डन’ ही त्यांतलीच. मला हा दाखला निर्णायक वाटतो. माशी टपालाने पाठवता येते, ती बांधण्याची विद्या तशी पाठवता येत नाही. नव्या नदीचे किडे नव्याने पाहणारा माणूस तिथे उभा राहावा लागतो. हिंदुस्थानात ट्राउट आणला गेला. फ्रान्सिस डे याने १८६३ मध्ये निलगिरीत तसा प्रयत्न केला, काश्मीरमध्ये १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून तो तगला, पुढे निलगिरीत आणि कुलूतही रुळला. मासा आला, अंडी उबवण्याची हौदघरे आली. पण इथल्या ओढ्यांतल्या किड्यांचा कोणी हाल्फर्ड वा गॉर्डन झाला नाही.

आता आपल्या खोऱ्याकडे येऊ. उल्हास राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावून कर्जतवरून बदलापूरला येते. तिची धाकटी बहीण वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणला खाडीपाशी उल्हासला मिळते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात एवढे कोरीव देऊळ ज्या ओढ्याच्या काठी बांधले, त्याचे पाणी तेव्हा निर्मळ होते हे गृहीत धरायला हरकत नाही. १८५६ च्या सुमारास कल्याणहून कर्जतच्या बाजूची रेल्वे झाली, १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पुरी झाली. वाफेच्या इंजिनांना पाणी हवे होते. म्हणून वालधुनीच्या उगमाशी जीआयपी रेल्वेने धरण बांधले, ज्याला लोक आजही जीआयपी टँक म्हणतात. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने अंबरनाथला आम्लाचा आणि खतांचा कारखाना काढला, १९२० च्या दशकात विमकोची आगपेटी आली. १९२२ मध्ये टाटांचे भिवपुरी वीजघर सुरू झाले, आणि घाटमाथ्यावर ठोकरवाडीला अडवलेले, मुळात कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी जनित्रे फिरवून उल्हासमध्ये उतरू लागले. उन्हाळ्यातही उल्हास वाहते ती बव्हंशी या पाण्यावर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या पलीकडे लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसे वसवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगराचा पाया घातला गेला. पुढे आयुध निर्माणी आली, एमआयडीसी आली, तिच्यासाठी १९७२ मध्ये बारवी धरण आले. या यादीतल्या प्रत्येक टप्प्यावर नदीचे मोजमाप झाले आहे. पण ते दरवेळी घनफुटांत, अश्वशक्तीत किंवा दशलक्ष लिटरांत. नदीच्या पोटात काय जगते याची मोजदाद करण्याची गरज इंजिनाला, कारखान्याला वा नळाला पडली नाही. उल्हासकडे आपण दीडशे वर्षे नळाच्या तोटीतूनच पाहत आलो.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा. ट्राउटला थंड पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की तो बेजार होतो आणि पंचविसाच्या आसपास मरू लागतो. एप्रिलमध्ये चाळिशी गाठणाऱ्या बदलापुरात त्याचे नाव काढण्यात अर्थ नाही, आणि चार महिने गढूळ पूर वाहणाऱ्या नदीवर तरंगती माशी टाकणार कोण? आक्षेप खरा आहे, पण तो फक्त ट्राउट का नाही एवढेच सांगतो. माशी ट्राउटची मक्तेदारी नव्हे. मद्रास इलाख्यात मुलकी अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. त्यात महसीर आणि इथले छोटे, वर उसळणारे नदीचे मासे माशीवर कसे येतात ते तपशिलाने सांगितले आहे. कीटक खाणारे मासे आपल्याकडेही आहेत. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी वाळवीला पंख फुटून थवेच्या थवे दिव्यांवर आणि पाण्यावर झेपावतात, तेव्हा शांत डोहात जी उसळ दिसते, ती टेस्ट नदीवरच्या मे महिन्यातल्या संध्याकाळपेक्षा जातीने निराळी नाही. नदीचे पाणी आठ महिने नितळ राहत असे. आणि घाटमाथ्यावर त्याच शतकातल्या एका साहेबाने माशांकडे नजर वळवलीही होती. कर्नल सायक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतला महसीर १८३९ मध्ये शास्त्रात नोंदवला आणि दख्खनच्या माशांची यादी करताना स्थानिक लोकांकडून ऐकलेली मराठी नावे लॅटिन नावांत घातली. ऊन आणि पाऊस घाटाच्या वर-खाली बदलतात, पण पाहणारी माणसे नसण्याचे कारण ते असू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. नदीकडे पाहणारे कोणी नव्हते हे म्हणणेच खोटे, असे कोणी म्हणेल. बदलापूरच्या वरच्या अंगाला कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत, खाली आगरी-कोळी वस्ती. पहिल्या पुरात मासे ओढ्यांतून, शेताच्या बांधांतून वर चढतात ती वलगण या लोकांना दिवसाच्या नव्हे, प्रहराच्या हिशेबाने कळते. कोणता मासा कोणत्या खडकाखाली, कोणता पाण्याच्या कडेने, कोणता मधल्या धारेत. पाग कुठे फेकायचा, गळाला गांडूळ लावायचे की दगडाखालचा किडा. हे ज्ञान हाल्फर्डच्या ज्ञानापेक्षा कमी नाही. उलट त्यावर चूल पेटत होती, म्हणून ते अधिक कसून तपासलेले होते. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि माझा मुद्दा त्याने बळकटच होतो. फरक ज्ञानात नव्हता, त्या ज्ञानाला साक्ष म्हणून कोण उभे करतो यात होता. टेस्टकाठच्या हौशी माणसाने आपले निरीक्षण छापले, क्लबच्या वहीत उतरवले, म्युझियमच्या कपाटात ठेवले. कातकरी बाईने एखाद्या वर्षी वालधुनीत मुरी मासा मिळत नाही हे ओळखले असेल, तर ते तिच्या घरापुरते आणि फार तर बाजारात टोपली घेऊन बसलेल्या चार जणींपुरते राहिले. तिचे सांगणे ऐकायला ना कारखान्याचा अधिकारी आला, ना पाणीपुरवठ्याचा अभियंता. नदीतून मासा नाहीसा झाला, ही बातमी कधीच कुणाच्या टेबलावर पोचली नाही.

ही गोष्ट नुसती तर्काची नाही. दोन नद्यांवरच्या दोन घटना शेजारी ठेवल्या की ती दिसते. इंग्लंडमध्ये मासेमारांच्या संघटना आणि कीटकशास्त्रज्ञ यांनी मिळून २००७ पासून रिव्हरफ्लाय नावाची पाहणी चालवली आहे. पद्धत साधी: नदीच्या तळाचे दगड पायाने ढवळायचे, खाली जाळी धरायची, तीन मिनिटांत जे जाळीत येते त्यातले मेफ्लायची पिल्ले, कॅडिसच्या अळ्या आणि गोड्या पाण्यातल्या झिंग्या मोजायच्या, महिन्यातून एकदा. जुलै २०१३ मध्ये केनेट नदीवर, मार्लबरो गावाखाली, अशाच मोजणीत स्वयंसेवकांना आढळले की जाळीत जिवंत असे जवळजवळ काहीच येत नाही. मासे तसेच पोहत होते, पाणी तसेच नितळ होते. तपासात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडले. ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत आले होते आणि साधारण पंधरा किलोमीटरपर्यंतचे किडे मेले होते. आपल्याकडे नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस, पहाटेच्या वेळी, उल्हासनगरजवळ वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले. त्यातून उठलेल्या वायूने काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना मळमळ, श्वासाचा त्रास आणि चक्कर येऊन रुग्णालयात न्यावे लागले. केनेटवर धोक्याची खबर किड्यांनी दिली. वालधुनीवर ती माणसांच्या फुप्फुसांनी दिली, कारण त्या नदीत खबर देण्याएवढे किडे उरलेच नव्हते, आणि उरले असते तरी मोजणारा कोणी नव्हता. त्यानंतर पर्यावरणासाठी काम करणाऱ्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल मोठा दंड ठोठावला. तो निकाल आवश्यकच होता. पण निकालाची वेळ येते तेव्हा नदी आधीच मेलेली असते.

विधिज्ञ इथे तिसरा आक्षेप घेतील, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये मासे धरण्याचा हक्क ही मालमत्ता आहे, ती विकत घेता येते, भाड्याने देता येते. नदी घाण केली की त्या मालमत्तेचे नुकसान होते आणि कोर्टाचे दार उघडते. किडे मोजण्यापेक्षा तिथल्या नद्यांची राखण होण्याचे हेच खरे कारण. डर्बीचा खटला याचा पुरावा. तिथल्या प्राइड ऑफ डर्बी या मासेमारांच्या मंडळाने कृत्रिम रेशमाचा मोठा कारखाना, शहराची नगरपालिका आणि वीज मंडळ यांना डरवेंट नदीच्या प्रदूषणाबद्दल कोर्टात खेचले, आणि १९५२-५३ मध्ये खालच्या कोर्टात आणि अपिलातही जिंकले. त्यामागे १९४८ मध्ये स्थापन झालेली मासेमारांची संरक्षण संघटना होती. डर्बीचे हे मंडळ काही हाल्फर्डच्या पंथातले नव्हते; त्याचे सभासद साधे गावठी मासे धरणारे. मी हे मान्य करतो: मालकी नसती तर त्यांना दारात उभेही करून घेतले नसते. पण दारातून आत गेल्यावर काय सांगायचे? आधी नदीत कोणते मासे होते, कधीपासून कमी झाले, कोणत्या नळाच्या खाली पाणी गरम आणि काळे होते, हे सांगावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे काठावर बसणाऱ्या माणसांनाच सांगता येते. आपल्याकडे वालधुनीकाठच्या मासेमाराकडे मालकीही नव्हती आणि नोंदही नव्हती. मालकीचा कायदा बदलायला पिढ्या जातील. नोंद मात्र या वर्षीपासून करता येते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंग्लंडच्या नद्या आज काही निरोगी नाहीत. २०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार तिथल्या नद्यांपैकी जेमतेम १४ टक्केच पर्यावरणाच्या निकषावर चांगल्या ठरतात, आणि मैलापाणी नदीत सोडण्यावरून तिथे गेली काही वर्षे रान पेटले आहे. पाहिल्याने नदी बरी होत नाही. तरी तो १४ चा आकडा काढता येतो, आणि तो ज्या परंपरेच्या जिवावर काढला जातो तिची मुळे रोनाल्ड्सच्या खोपटापर्यंत पोचतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही पाण्यातल्या किड्यांच्या कुळांवरून नदीची प्रत ठरवण्याचे निकष तयार केले आहेत. म्हणजे शास्त्र आपल्याकडे आहे. उल्हासबद्दलच्या चर्चेत ते क्वचितच ऐकू येते. उल्हासकाठच्या मोहने गावाच्या अंगाला जलपर्णी दाटली आणि पंपाच्या जाळ्या तुंबल्या की मगच नदी बातमीत येते, आणि तेव्हाही प्रश्न असतो तो नळाला पाणी येणार की नाही एवढाच.

बदलापूरच्या वर, कोंडेश्वरच्या बाजूला किंवा बारवीकडे जाणाऱ्या ओढ्यांत, अजून असे पाणी आहे की तळाचा दगड उलटला तर त्याला चिकटलेली, तीन शेपट्यांची, चपळ पिल्ले दिसावीत. तिथून बदलापूरच्या बंधाऱ्यापर्यंत, मग अंबरनाथच्या मंदिरापाशी, मग उल्हासनगरात, अशा चार-पाच ठिकाणी महिन्यातून एकदा दगड ढवळून जाळीत काय येते ते मोजायला कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला फार खर्च येणार नाही. माझा आग्रह एवढाच की त्या मोजणीला वरच्या वाड्यांतली म्हातारी माणसे सोबत घ्यावीत. कोणत्या ओढ्यात कोणत्या साली कोणता मासा दिसेनासा झाला हे आज त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यांच्या आठवणीखेरीज ते कुठेही नोंदलेले नाही.